फुरसतीचा भूगोल : लघुनिबंध, रविवार आणि वेल्हे

मराठीत रिकाम्या वेळेला एक नाव नाही, अनेक नावे आहेत. आणि ती एकमेकांचे पर्याय नाहीत. 'सवड' कामातून काढावी लागते. 'उसंत' कामाच्या मध्येच मिळते, तीही क्वचित. 'रजा' मागावी लागते. परवानगी हा तिचा मूळचा अर्थ अजून पुसलेला नाही. 'सुटी' दुसरा कोणी देतो आणि ती ठरावीक दिवशी येते. 'फुरसत' मात्र असते किंवा नसते, आणि ज्याला ती असते त्याच्याविषयी इतरांच्या मनात थोडा मत्सर असतो. उरले 'रिकामपण', जे बहुधा गरिबाच्या वाट्याला येते आणि दोष म्हणूनच येते. सुखवस्तू माणूस निवांत बसला तर तो फुरसतीत असतो; रोजंदारीचा माणूस तसाच बसला तर तो रिकामटेकडा ठरतो. हा भेद व्याकरणातला नाही, समाजरचनेतला आहे. शहरी जीवनातील लहानसहान सुखांविषयी मराठीत जे ललित लेखन झाले, त्याचा इतिहास लिहिताना या भेदापासून आरंभ करणे आवश्यक आहे असे मला वाटते.

या लेखनाचे प्रमुख माध्यम म्हणजे लघुनिबंध. १९२६च्या सुमारास 'रत्नाकर' मासिकातून ना. सी. फडके यांनी या प्रकाराला आकार दिला. अनंत काणेकरांचा 'पिकली पाने' हा संग्रह १९३४ साली, तर वि. स. खांडेकरांचा 'वायुलहरी' १९३६ साली आला. चहाचा पेला, पावसात अडकलेली संध्याकाळ, जुनी छत्री, निरुद्देश फेरफटका असे क्षुल्लक वाटणारे विषय घ्यायचे आणि वाचकाशी गप्पा माराव्यात तसे त्यांच्याविषयी बोलायचे, ही या लेखनाची रीत. तिचे स्पष्टीकरण आपल्या समीक्षेने प्रामुख्याने दोन अंगांनी केले. एक, इंग्रजी निबंधकारांच्या वाचनाचा संस्कार. आणि दोन, लेखकाच्या व्यक्तिमत्त्वाचा आविष्कार. दोन्ही स्पष्टीकरणे खरी आहेत, पण अपुरी आहेत. व्यक्तिमत्त्व प्रकट व्हायला वेळ लागतो. तो वेळ कोठून आला, हा प्रश्न या समीक्षेत सहसा विचारला गेलेला नाही.

वेळेचा इतिहास पाहू लागलो की आपण एका वेगळ्याच ठिकाणी जाऊन पोहोचतो. मराठी माणसाचा रविवार वाङ्मयातून आलेला नाही, गिरणीतून आलेला आहे. सरकारी कचेऱ्या आणि शाळा यांना रविवारची सुटी होती. मुंबईच्या गिरणी कामगाराला ती नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सादर केले. त्यातील पहिली मागणी रविवारच्या सुटीची होती. दुपारच्या अर्ध्या तासाच्या विश्रांतीचीही होती. सहा वर्षांच्या खटपटीनंतर, १८९०च्या जून महिन्यात, गिरणीमालकांच्या संघटनेने साप्ताहिक सुटी मान्य केली. म्हणजे मध्यमवर्गाला जी फुरसत नोकरीच्या नियमातून सहजी मिळाली, ती कष्टकऱ्याला भांडून घ्यावी लागली. शहरी सुखांकडे तुच्छतेने पाहणाऱ्यांनी हे विसरू नये. आठवड्यातून एक दिवस स्वतःचा असावा ही मागणी चैनीची नव्हती, माणूसपणाची होती.

लघुनिबंधकारांच्या व्यवसायांकडे पाहिले तर हाच मुद्दा वेगळ्या बाजूने दिसतो. फडके प्राध्यापक होते, काणेकरही पुढे प्राध्यापक झाले, खांडेकर शिक्षक होते. ठरावीक पगार, ठरावीक तास आणि लांब सुट्या असलेल्या व्यवसायातून हा वाङ्मयप्रकार आला. येथे एक आक्षेप संभवतो. खांडेकर १९२० ते १९३८ या काळात शिरोड्यासारख्या कोकणातल्या गावी शिकवत होते. मग लघुनिबंधाला शहरी कसे म्हणावे? आक्षेप रास्त आहे, पण त्यातून वेगळाच निष्कर्ष निघतो. 'शहर' ही येथे वस्ती नसून वेळेची एक रचना आहे. ज्याचा दिवस घड्याळाने आणि महिना पगाराने मोजला जातो, तो गावात राहूनही शहरी वेळेत जगतो. गडकऱ्यांनी आपल्या एका विनोदी लेखाला 'रिकामपणची कामगिरी' असे नाव दिले. काम आणि रिकामपण यांची अशी जोडी जमवून हसता येणे हेसुद्धा याच वेळेत शक्य होते. शेतीच्या वेळेत त्या दोहोंची सीमारेषा इतकी स्पष्ट नसते.

ती सीमारेषा तपासण्यासाठी पुण्याच्या नैर्ऋत्येचे वेल्हे हे उदाहरण पाहण्यासारखे आहे. बारा मावळांपैकी कानद खोरे, गुंजण मावळ आणि मोसे खोऱ्याचा भाग या परिसरात येतो. सुमारे १४०० मीटर उंचीचा तोरणा गावाच्या डोक्यावर आहे. राजगड शेजारी आहे. २०११च्या जनगणनेत या तालुक्याची लोकसंख्या जेमतेम चौपन्न हजारांच्या घरात होती. पाऊस अफाट, जमीन उताराची, पीक मुख्यतः भाताचे, आणि घरटी एखादा तरी माणूस पोटासाठी पुण्या-मुंबईला. शहरी सुखांच्या चर्चेत या तालुक्याचे काय काम, असे विचारता येईल. त्याचे उत्तर असे, की शहर जेथे राहते तेथेच ते आपली फुरसत घालवते असे नाही. पर्वतीची चढण, वसंत व्याख्यानमाला, १९५३ साली झालेले पेशवे उद्यान, हॉटेलातला दीर्घ चहा ही पुण्याची गावातली सुखे. पण पुण्याच्या रविवाराचा मोठा भाग गेली कित्येक दशके सिंहगडावर, पानशेतच्या काठी, राजगडाच्या पद्मावती माचीवर आणि तोरण्याच्या बिनी दरवाज्यात साजरा होत आला आहे.

या जाण्याचीही नावे बदलत गेली. गडावर पूर्वी माणूस देवदर्शनाला किंवा नवस फेडायला जाई. तोरण्यावरील मेंगाई आणि राजगडावरील पद्मावती ही जाण्याची कारणे होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चिंतामण गंगाधर गोगट्यांसारख्यांनी किल्ल्यांची माहिती ग्रंथबद्ध केली आणि गड हे इतिहासाचे स्थान झाले. तेथे जाणे हे कर्तव्य झाले. पुढे गो. नी. दांडेकरांनी त्या कर्तव्याला भटकंतीचे रूप दिले. राजगडावर त्यांचा विशेष जीव होता, आणि मराठी मध्यमवर्गाच्या दोन-तीन पिढ्यांना गडावरचा मुक्काम, तिथला वारा आणि चुलीवरची भाकरी यांची गोडी त्यांच्या लेखनाने लावली. त्याच काळात मुंबईत 'गिरिविहार' (१९५४) आणि नंतर पुण्यात 'गिरिप्रेमी' (१९८२) यांसारख्या संस्था उभ्या राहिल्या. यात्रा, दर्शन, भटकंती, मोहीम, आणि आता 'ट्रेक'.

हा शेवटचा शब्द विचार करायला लावणारा आहे. तो दक्षिण आफ्रिकेतील डच वसाहतवाल्यांच्या बोलीतून इंग्रजीत आला. बैलगाड्यांवर संसार लादून एका मुलखातून दुसऱ्या मुलखात कायमचे जाणे, असा त्याचा अर्थ होता. स्थलांतराचा हा शब्द मराठीत सुटीचा शब्द झाला. आणि ज्या वाटेने सुटीचे लोक वर चढतात, त्याच वाटेने वेल्ह्यातली माणसे खरोखरीचे स्थलांतर करीत खाली उतरत आली आहेत. त्यांच्या जाण्याला भाषेने कोणतेही रम्य नाव दिलेले नाही. 'पोट भरायला गेला' एवढेच.

वेळांची ही विसंगती पावसाळ्यात सर्वांत ठळक होते. शहराच्या दृष्टीने आषाढ-श्रावण हा वर्षाविहाराचा काळ. केळदजवळचा मढे घाट धुक्याने भरतो, धबधबे सुरू होतात, रविवारी गाड्यांची रांग लागते. पण हाच काळ भातलावणीचा. घरातले प्रत्येक माणूस चिखलात वाकून उभे असते, पाठीवर इरले असते, आणि उसंत हा शब्द तेवढे दिवस निरर्थक असतो. पाऊस एकच, एका बाजूला तो अनुभव आहे, दुसऱ्या बाजूला काम. वेल्ह्याच्या माणसाला सुखे नाहीत असा याचा अर्थ नव्हे. आठवड्याचा बाजार, जत्रा, रात्रभर चालणारे भजन, सुगीनंतरची पाव्हणकी ही सुखेच आहेत. पण ती पंचांगाला आणि पिकाला बांधलेली आहेत, बहुधा सामुदायिक आहेत, आणि त्यांत एकट्याने स्वतःच्या मनाशी गुजगोष्टी करण्याची सोय कमी आहे. लघुनिबंधाने सुख म्हणून ओळखले ते एकट्याचे सुख. बाकीची सुखे लोकसाहित्याच्या अभ्यासकांकडे सोपवण्यात आली. वाङ्मयप्रकारांची ही वाटणी निष्पाप नाही.

शहर आणि हे खोरे यांचा संबंध केवळ सहलीचा असता, तर येथेच थांबता आले असते. पण शहरी संध्याकाळ ज्यावर उभी आहे तो प्रकाश आणि ते पाणीही याच डोंगरांतून येते. शेजारच्या मुळशीत धरणाविरुद्ध १९२१पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. धरण झालेच, आणि तिथल्या पाण्यावरची वीज मुंबईला गेली. लघुनिबंध जन्माला येत होता तो हाच काळ. वेल्ह्याच्या खोऱ्यांत पुढे पानशेत आणि वरसगाव ही धरणे आली. १२ जुलै १९६१ रोजी, बांधकाम पुरे होण्याच्या आत, पानशेत फुटले. खडकवासलाही टिकले नाही आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा बुडाल्या. तो दिवस पुण्याच्या सामूहिक स्मृतीत कायमचा आहे. परंतु धरण पुन्हा बांधले गेल्यावर वरच्या बाजूला जी शेते आणि घरे पाण्याखाली राहिली, त्यांची अशी तारीख नाही. खाली आले ते पाणी पूर ठरले, वर साचले ते जलाशय ठरले. त्या जलाशयांना तानाजी आणि बाजी पासलकर यांची नावे आहेत. इतिहासातील वीरांची नावे पाण्याला मिळाली. पाण्याखाली गेलेल्या वाड्यांची नावे आता जुन्या नोंदींत आणि विस्थापितांच्या बोलण्यातच उरली आहेत. आज त्याच पाण्याच्या काठी नौकाविहार आणि सुटीतील निवास यांची सोय आहे.

मराठी ललित गद्याला हे दिसले नाही का? इरावती कर्वे यांचे उदाहरण या दृष्टीने विलक्षण आहे. 'परिपूर्ति' (१९४९) या संग्रहाने लघुनिबंधाच्या लाडिक वळणातून मराठी निबंध बाहेर काढला, हे सर्वमान्य आहे. याच इरावतीबाईंनी जाई निंबकर यांच्यासह कोयना धरणाच्या विस्थापितांची पाहणी केली. ती १९६९ साली डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केली. एकच व्यक्ती, समर्थ निबंधकार आणि समर्थ समाजशास्त्रज्ञ. पण विस्थापितांचा अनुभव इंग्रजी अहवालाच्या रूपात आला. हा दोष व्यक्तीचा नव्हे. ललित निबंधात काय बसते आणि अहवालात काय जाते, याचे संकेत इतके दृढ होते की एवढ्या स्वतंत्र बुद्धीच्या लेखिकेच्या बाबतीतही ते टिकून राहिले. विरंगुळा निबंधात आणि विस्थापन तक्त्यात, ही ती वाटणी.

कादंबरीने काही प्रमाणात ही कोंडी फोडली. दांडेकरांच्या 'माचीवरला बुधा'मध्ये (१९५८) मुंबईला विटलेला म्हातारा राजमाचीच्या परिसरात परततो. त्याचे एकटेपण शहरी वाचकाला सुटीसारखे वाटते आणि म्हणूनच ते त्याला मोहवते. पण बुधा सुटीवर आलेला नाही. तो राबतो, पेरतो, गुरे-पाखरे यांच्यात जगतो. वाचकाला जो निवांतपणा जाणवतो, तो वाचकाच्या रविवारचा आहे. या कादंबरीच्या लोकप्रियतेत कथेइतकाच या रविवारचाही वाटा असावा.

यावरून शहरी सुखांविषयीचे लेखन खोटे ठरते असे मला सुचवायचे नाही. लोखंड्यांनी ज्यासाठी सह्या गोळा केल्या तो दिवस कोणी पापड-पोह्यात, कोणी नाटकात, कोणी तोरण्यावर घालवावा. त्यात अपराध नाही. प्रश्न समीक्षेचा आहे. फुरसत ही मनाची अवस्था मानून आपण लघुनिबंध वाचला. ती सामाजिक वाटपाचा भाग आहे असे मानून तो पुन्हा वाचायला हवा. मग एखाद्या निबंधातला दिवा कोठल्या विजेवर लागला आहे, चहाचे पाणी कोठल्या खोऱ्यातले आहे आणि ते भरून ठेवणारी बाई कोठल्या गावाहून आली आहे, हे प्रश्न वाङ्मयबाह्य राहत नाहीत. ते त्या निबंधाच्या लयीचेच प्रश्न होतात, कारण ती संथ लय दुसऱ्या कोणाच्या तरी घाईने शक्य केलेली असते.

भोर संस्थानाच्या काळात या भागातील तालुके प्रचंडगड आणि राजगड या गडांच्याच नावांनी ओळखले जात. २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्यास मान्यता दिली. जुने नाव परत आले याचा आनंद स्वाभाविक आहे. पण शहराला हा मुलूख गडांमुळे माहीत आहे, आणि गावे गडांच्या सावलीत आहेत. वेल्हे हे गावाचे नाव आहे. तेथे लोक राहतात, आणि त्यांनाही रविवार आहे. तो कसा जातो याविषयी मराठीत एक चांगला निबंध अजून लिहिला जायचा आहे.