मिरपुडीचा आळ

दमास्कसच्या बाजारात वजिराची माणसं एका खानावळीत घुसतात, भांडीकुंडी फोडतात आणि मालकाच्या मुसक्या बांधून त्याला घेऊन जातात. गुन्हा काय, तर डाळिंबाच्या दाण्यांच्या पदार्थात मिरपूड कमी पडली!

हा खानावळवाला म्हणजे बसऱ्याचा बद्रुद्दीन हसन. जिनांनी त्याला एका रात्रीत कैरोला नेलं, तिथं कुबड्या नवरदेवाच्या जागी चुलतबहिणीच्या खोलीत पोचवलं आणि पहाटे दमास्कसच्या वेशीबाहेर आणून टाकलं. पुढं काही वर्षांनी त्याचा मुलगा अजीब आजीबरोबर दमास्कसला येतो आणि नकळत बापाच्याच दुकानात जेवतो. तोच पदार्थ आजी करते, तेव्हा नातू म्हणतो, बाजारातला याहून सरस. आजी हट्टाला पेटून तो मागवते, एक घास घेते आणि बेशुद्ध पडते. ही चव तिच्या पोराच्याच हातची! ओळख तिथंच पटली. पण वजीर, म्हणजे हसनचा सख्खा चुलता, ती हसनला सांगत नाही. आळ घालतो, पेटीत कोंडून कैरोला नेतो, सुळाची भीती घालतो.

‘अरबी रात्रीं’मधल्या ओळखीच्या प्रसंगांचं मर्म मला या मधल्या खोटेपणात दिसतं. त्याचा धागा मागं कुराणातल्या बाराव्या सूऱ्यापर्यंत दिसतो. यूसुफ भावांना बघताक्षणी ओळखतो, तरी गप्प राहतो. धाकट्याच्या सामानात राजाचा प्याला लपवून त्याच्यावर चोरीचा आळ आणतो. भाऊ कसाला लागल्यावरच ‘मी यूसुफ’ हे शब्द निघतात.

ही गोष्ट मराठीला परकी वाटू नये. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 1860च्या दशकात इंग्रजीवरून ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ मराठीत आणायला घेतल्या. शंभरेक वर्षांनी गौरी देशपांडे यांनी रिचर्ड बर्टनचे 16 खंड आणले. पण चवीवरून पटणारी ओळख आपल्याकडं त्याच्या कितीतरी आधीची. पैठणच्या एकनाथांच्या नातवानं, मुक्तेश्वरानं, महाभारताचं वनपर्व ओवीत आणलं. नळाची कथा मूळ वनपर्वातलीच. कर्कोटकाच्या दंशानं रूप पालटलेला नळ बाहुक नावानं ऋतुपर्णाचा सारथी झालेला. त्याची बायको दमयंती दासी केशिनीकरवी त्यानं रांधलेलं मांस मागवते, चाखते आणि आक्रोश करते. मग तोंड धुऊन ती मुलांना त्याच्याकडं पाठवते. बाहुक त्यांना कवटाळून रडतो आणि केशिनीला सांगतो, माझी मुलं अशीच दिसतात, म्हणून रडू आलं.

एका कथेतून दुसरी निघाली असं मी म्हणत नाही. रांधणाऱ्याच्या हाताची खूण अंगठीसारखी हरवत नाही, हे दोन्ही कथाकारांना ठाऊक होतं, एवढं दिसतं. आणि खोटेपणा इथंही आहेच: बाहुकाला आपल्या माहेरी कुंडिनपुरात ओढून आणण्यासाठी दमयंतीनं दुसऱ्या स्वयंवराची हूल उठवलेली असते.

मला नळकथा इथं उजवी वाटते. नळ बायकोला सरळ विचारतो, पतिव्रता दुसरा नवरा कसा वरते? दमयंतीला सगळा बेत उलगडून सांगावा लागतो, वायूला साक्षीला यावं लागतं, तेव्हा कुठं नळ आपलं रूप धारण करतो. कैरोत मात्र वजीर लग्नाच्या रात्रीची खोली तशीच मांडतो, पगडी नि पैशांची थैली जागच्या जागी ठेवतो. हसनला जाग येते, दमास्कसमधली वर्षं स्वप्न होती की काय हेही त्याला उमगत नाही. पुतण्याला दिलेल्या त्या भीतीचा जाब वजिराला कुणी विचारत नाही.