बायपोलर आहे का? प्रश्नावली काय सांगते, काय नाही
धाराशिवमध्ये 2015 पासून शेतकऱ्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' आहे. त्यात आशाताई घरोघरी जाऊन नैराश्याची लक्षणं विचारतात. बायपोलर आजारात मात्र नैराश्यासोबत उन्मादही येतो: झोप कमी, बोलणं सुसाट, पैसे उधळणं. तो ओळखण्यासाठी 'मूड डिसऑर्डर क्वेश्चनेअर' ही प्रश्नावली 2000 साली आली. 13 पैकी किमान 7 उत्तरं 'हो', लक्षणं एकाच काळातली आणि त्यांचा बराच त्रास झालेला, असं असेल तर तपासणी हवी. हे निदान नव्हे. उन्माद अनेकांना आजार वाटतच नाही. म्हणून उत्तरं 'नाही' आली तरी शंका असल्यास घरच्यांना घेऊन मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. नुसत्या नैराश्याच्या गोळ्यांनी उन्माद उसळू शकतो.

मोफत मदत: टेलि-मानस, 14416.