ताई : वारसा आणि कर्तृत्व

महाराष्ट्राला आजवर एकही महिला मुख्यमंत्री मिळालेली नाही. शेजारच्या चिमुकल्या गोव्यात मात्र १९७३ सालीच एक मराठीभाषक स्त्री त्या पदावर बसली होती. सुचेता कृपलानी आणि नंदिनी सत्पथी यांच्यानंतरची ती देशातली तिसरी महिला मुख्यमंत्री. शशिकला काकोडकर हे त्यांचे नाव. गोवेकरांच्या तोंडी मात्र ‘ताई’.

त्यांच्याविषयी बोलताना पहिले वाक्य ठरलेले असते : भाऊसाहेब बांदोडकरांची मुलगी. ते खोटे नाही. १९७२च्या निवडणुकीनंतर त्या वडिलांच्या मंत्रिमंडळात राज्यमंत्री झाल्या आणि ऑगस्ट १९७३मध्ये भाऊसाहेबांचे निधन होताच मुख्यमंत्रिपद त्यांच्याकडे आले. पद वारशाने मिळाले, हे मान्यच करावे लागते. पण वारशाने कायदे होत नाहीत.

गोव्यातल्या जमिनीचा प्रश्न समजल्याशिवाय ताईंची कारकीर्द समजत नाही. दुसऱ्याचे शेत कसणारे ते कूळ. भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणारा तो मुंडकार. भाटकाराची मर्जी फिरली की मुंडकाराच्या डोक्यावरचे छप्परच धोक्यात. भाऊसाहेबांच्या काळात १९६४च्या कायद्याने कुळांना संरक्षण मिळाले होते, पण मालकी नव्हे. ताईंच्या सरकारने १९७५मध्ये मुंडकार संरक्षण कायदा केला आणि १९७६च्या पाचव्या दुरुस्तीने कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. बहुजन समाजाच्या जोरावर उभ्या राहिलेल्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे हे खरे वचन होते. ते कागदावर उतरवले मुलीने.

१९७७ची निवडणूक त्यांनी स्वतःच्या नेतृत्वाखाली लढवली. तीस जागांच्या विधानसभेत पक्षाला पंधरा मिळाल्या. मात्र १९७९मध्ये पक्षातल्याच आमदारांनी बंड केले, सरकार कोसळले आणि राष्ट्रपती राजवट आली. १९८०मध्ये पक्ष सात जागांवर घसरला. त्यानंतर ताई काँग्रेसमध्ये गेल्या, पुढे वडिलांच्या नावाने वेगळा पक्ष काढून पाहिला, अखेर मगोपमध्ये परतल्या. या येरझाऱ्यांनी त्यांच्या प्रतिमेला तडा गेला, हे नाकारण्यात अर्थ नाही.

तरीही १९९०मध्ये शिक्षणमंत्री म्हणून त्यांनी घेतलेला निर्णय गोव्याला विसरता आला नाही : सरकारी अनुदान फक्त प्रादेशिक भाषांतून शिकवणाऱ्या प्राथमिक शाळांना. ज्या पक्षाचा जन्म विलीनीकरणाच्या मागणीतून झाला, त्याच्या नेत्याच्या या निर्णयाचा लाभ मराठीइतकाच कोकणीलाही झाला. दोन दशकांनंतर इंग्रजी माध्यमाला अनुदान देण्याचे ठरले, तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेल्या ताई भारतीय भाषा सुरक्षा मंचाच्या आघाडीवर उभ्या राहिल्या. भाषावादात एकमेकांसमोर उभे ठाकलेले मराठीवादी आणि कोकणीवादी तेव्हा एकाच व्यासपीठावर होते.

२८ ऑक्टोबर २०१६ रोजी, ऐन दिवाळीत, त्यांचे निधन झाले. त्यांना सत्ता वडिलांमुळे मिळाली. सातबारा नसलेल्यांना जमिनीचा हक्क मात्र त्यांच्या सहीने मिळाला.