ग्राफिक्स कार्डांची टंचाई (२०२०–२२)

संगणकाच्या पडद्यावर चित्र उमटविणाऱ्या ग्राफिक्स कार्डांचे २०२० च्या उत्तरार्धापासून सुमारे दोन वर्षे जगभर जाणवलेले दुर्भिक्ष. १७ सप्टेंबर २०२० रोजी एनव्हिडियाचे आरटीएक्स ३०८० हे कार्ड ६९९ डॉलर किमतीस विक्रीस आले, ते बघता बघता संपले, आणि दुय्यम बाजारात त्याचा भाव दुपटीच्या घरात गेला.

टाळेबंदीमुळे कचेरी, शाळा आणि करमणूक एकदमच घरात आल्याने मागणी वाढली हे खरे. परंतु मूळ कारण उत्पादनाच्या अतिसंकुचित मुखाशी शोधले पाहिजे. एनव्हिडिया चिपचे केवळ आराखडे करते, ती घडविण्याचे काम त्या वेळी सॅमसंगकडे होते; एएमडीच्या चिप तैवानच्या टीएसएमसीकडे होत, आणि त्याच कारखान्यात सोनी व मायक्रोसॉफ्टच्या नव्या खेळयंत्रांच्या चिपही रांगेत होत्या. चिप ज्या पाटीवर बसते तिच्या विद्युत्-रोधक पापुद्र्याचा जवळजवळ सारा पुरवठा, चायनीजच्या गाड्यांमुळे आपल्याकडे ठाऊक झालेली, जपानची अजिनोमोटो कंपनी करते, हे वाचकास नवल वाटेल. त्यात ईथर या आभासी चलनाच्या 'मायनिंग'साठी (आकडेमोड करून नवे चलन मिळविण्यासाठी) कार्डे घाऊक उचलली गेली. फेब्रुवारी २०२१ मध्ये एनव्हिडियाने आरटीएक्स ३०६० वर मायनिंगला आवर घालणारे कुलूप घातले, आणि पुढच्याच महिन्यात आपल्याच एका चाचणी-ड्रायव्हर प्रोग्रॅमने ते उघडूनही दिले! साठेबाजांचे स्वयंचलित प्रोग्रॅम आणि वाढलेले जहाजभाडे ही कारणे दुय्यम होत.

या टंचाईचे वेगळेपण आपल्याकडच्या जुन्या काळाशी ताडून पाहिले की कळते. महाड तालुक्यातील नाते हे भारताचे एकेकाळचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांचे जन्मगाव. त्यांच्या अर्थमंत्रिपदाच्या काळात (१९५०–५६) विलायती जिन्नस मिळणे न मिळणे आयात-परवान्याच्या कागदावर ठरे. या टंचाईत परवाना, हुकूम वा मनाई यांपैकी काहीच आड नव्हते. न्हावा-शेवा बंदर नात्याच्याच रायगड जिल्ह्यात आहे, पण बंदर जवळ असून मालच अपुरा, तेथे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडचे व्यापारी तरी काय देणार? २२ जुलै २०२१ च्या महापुरात महाड शहर बुडाले. ज्यांना त्यानंतर नवी यंत्रसामग्री घ्यावी लागली, त्यांच्या वाट्यास ही महागाईही आली.

१५ सप्टेंबर २०२२ रोजी ईथरची मायनिंग-पद्धतच रद्द झाली, आणि वापरलेली कार्डे बाजारात आली. मात्र चिप घडविणारे कारखाने आजही मूठभरच आहेत. टंचाई सरली, तिचे कारण सरलेले नाही.