बेळगावची खोली

साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला सगळे 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जवान कामी आले, त्यांच्या आठवणीचा स्तंभ गावात उभा आहे. कोल्हापूरकडं सैनिक टाकळीचा लौकिक तसाच. आमचं गाव एवढं नावाजलेलं नाही. पण भावकीत घरटी एक माणूस पलटणीत, हे आमच्याकडंही होतंच. दगडावर नावं कोरली गेली ती पुरुषांची. त्यांच्यामागं गाव सोडून छावणीच्या कडेला राहायला गेलेल्या बायांचा इतिहास मात्र कोरलेला नाही. तो चुलीपुढं, खळ्यावर, बोलण्यात राहिला.

छावणीत बायकांनी राहायचं की नाही, हा प्रश्न पलटणीइतकाच जुना. गोऱ्या सोल्जरांची पलटण समुद्रापार निघाली, की शंभरामागं मोजक्याच बायकांना बरोबर जायची परवानगी मिळायची आणि त्या कोणत्या, ते चिठ्ठ्या टाकून ठरायचं. चिठ्ठी न निघालेली बाई बंदरावर रडत राहायची. देशी शिपायांच्या बायका ज्या छावणीत राहिल्या, त्यांच्या संसाराचा एक पुरावा आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूच्या छावणीतला. वडील सुभेदार रामजी हे पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये शिकून पलटणीच्या शाळेत मास्तर झालेले. मूळ गाव कोकणातलं आंबडवे, आणि भीमाबाईंचा संसार कुठं, तर माळव्यात. त्या पुढं साताऱ्यातच वारल्या. त्यांची समाधी साताऱ्यात आहे. गावापासून शेकडो कोसांवर बाईनं घर मांडणं ही गोष्ट आपल्याकडं शहरं वाढायच्या आधी छावणीनं आणली, असं मला वाटतं.

पण ते झालं पलटणीत मुरलेल्या शिपायाचं. नव्या रंगरूटाच्या बायकोनं कुठं जायचं? पूर्वी रंगरूट थेट पलटणीत दाखल व्हायचा आणि पलटण असेल तिथं कवायत शिकायचा. आज पुण्यात, उद्या आणखी कुठं. १९२२ साली फौजेची नवी रचना झाली. निरनिराळ्या मराठा पलटणी एका रेजिमेंटमध्ये आल्या आणि त्यातली जुनी ११४ वी पलटण बेळगावात फक्त शिकवण्याच्या कामाला बसवली. तेव्हापासून 'ट्रेनिंग म्हंजे बेळगाव' हे आमच्या बायांनासुद्धा पाठ झालं. नवऱ्याच्या गावाला कायमचं नाव मिळालं. त्या गावाला रेल्वे होती. रहिमतपूरला मीटरगेजच्या गाडीत बसलं, की मिरजेवरून बेळगाव.

नाव कळलं तरी जायची सोय नव्हती. रंगरूट बराकीत झोपणार, लंगरात जेवणार. बायको जवळ ठेवायची मुभा त्याला नाहीच. त्यामुळं भरती झाला की बायको सासरी, आणि मनीऑर्डर सासऱ्याच्या नावावर, हा रिवाज.

या रिवाजाचं काय होतं, ते आमच्या वाड्यात समोर दिसत होतं. माझ्या आज्याचा धाकटा भाऊ दुसऱ्या महायुद्धात इटलीत पडला. मराठ्यांनी तिथं मोठा पराक्रम केला. नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, हे शाळेत सांगायचे. आमच्या घरात मात्र त्या लढाईतून उरली ती एक बाई. आम्ही पोरं तिला इटलीआजी म्हणायचो. लग्नानंतर नवरा आठ दिवस घरी होता, मग बेळगाव, मग बोट. फौजेच्या कागदावर वारस म्हणून बापाचं नाव होतं. पेन्शन सासऱ्याच्या हातात पडायची. सासरा गेल्यावर तिनं एका कचेरीचे उंबरे कितीतरी वर्षं झिजवले. तिथं एकच सवाल, "तुम्ही त्यांच्या कोण, याला कागद काय?" ती म्हातारी शेवटपर्यंत लोकांच्या बांधावर खुरपत राहिली. ती म्हणायची, "त्येंचं त्वांडसुदिक आता नीट आठवत न्हाई बाबा."

१९६२ ला चीनची लढाई झाली आणि फौज वाढवायचा हुकूम निघाला. गावोगाव भरती. १९६३ साली आमचे धाकटे चुलते, नाना, उभे राहिले आणि निवडले गेले. लग्नाला चार महिने झालेले. नानी सतरा वर्षांची. नाना गेल्यावर दोन महिन्यांनी तिनं विषय काढला, की आपण बेळगावला खोली घेऊन राहणार.

आज्याचा आवाज चढला. "रंगरूटाच्या मागं बायकू जाती व्हय? हितं भांगलन कुनी करायची?" म्हाताऱ्याचंही खोटं नव्हतं. तीन लेकी उजवायच्या, सोसायटीचं कर्ज, आणि शेतातले दोन हात कमी होणार. शेवटी इटलीआजी मध्ये पडली. "जाऊ द्या तिला. म्या आठ दिस संसार केलाय, तिला आठ म्हयनं तरी करू द्या." नानीला तिनं बाजूला घेऊन एवढंच सांगितलं, "पोरी, त्येच्या कागदावर तुजं नाव घालून घे. तेवढं झाल्याबिगर माघारी यिऊ नगंस."

हिंडलग्याला, छावणीच्या अंगाला, आमच्याकडच्या एका हवालदाराच्या ओळखीनं खोली मिळाली. खोली म्हणजे गोठ्याचा पडवीकडला भाग. रविवारी आऊटपास मिळाला तर नाना यायचे, दुपारी जेवायचे, अंधाराच्या आत परत. कुणी शिक्षा खाल्ली, की पास रद्द. मग नानीनं केलेली भाकरी तिलाच दोन दिवस पुरायची. बाकी सहा दिवस ती भातलावणीला जायची. आमच्याकडची बाई ज्वारी-बाजरीची. गुडघाभर चिखलात वाकून रोप लावणं तिला ठाऊक नव्हतं. बेळगाव १९५६ पासून म्हैसूर राज्यात गेलेलं, पण शेतावरच्या बायका मराठी बोलायच्या, मध्येच कानडी. नानी म्हणायची, "भाषा कळाय येळ लागला न्हाई. मजुरी मोजाय आली की भाषा येतीच." स्वतःच्या मजुरीचे पैसे स्वतःच्या कनवटीला लावणं तिनं तिथं पहिल्यांदा केलं.

कागदाचं काम सोपं नव्हतं. फौजेत शिपायाचं लग्न झालं, मूल झालं, की ते पार्ट टू ऑर्डरमध्ये छापून यावं लागतं. छापून आलं नाही, तर फौजेच्या लेखी तो एकटाच. नानांनी भरतीच्या वेळी सगळ्यांसारखं वडिलांचं नाव सांगितलेलं. आता बायकोचं घालायचं, तर गावच्या पोलीस पाटलाचा दाखला हवा, म्हणजे गोष्ट आज्याच्या कानावर जाणार. नाना कचरत होते. नानी दर रविवारी तोच विषय काढायची. शेवटी दाखला आला, हवालदारानं कंपनीच्या बाबूकडं अर्ज लिहून दिला, आणि कसम परेडच्या आधी नानीचं नाव लागलं. आज्या सहा महिने नानाशी धड बोलला नाही.

सप्टेंबर १९६५ मध्ये पश्चिमेच्या सीमेवर नाना गेले. तार आली तेव्हा पोरगं वर्षाचं होतं.

पेन्शन नानीच्या नावानं आली. पोस्टमन पारावरून आज्याला ओलांडून तिच्याकडं गेला, तो दिवस वाड्यातल्या सगळ्यांना आठवतो. तिनं पहिल्या रकमेतला निम्मा भाग आज्यापुढं ठेवला. आज्यानं तो घेतला आणि डोळे पुसले. दुसऱ्या नणंदेच्या लग्नालाही त्याच पैशाचा आधार झाला. पण पोराला शाळेसाठी रहिमतपूरला ठेवायचं की गुरांमागं धाडायचं, हे नानीनं ठरवलं. कुणाला विचारलं नाही. तसं ठरवायचा अधिकार त्या कागदातून आला होता.

बेळगावला एकूण ती आठ महिनेही राहिली नाही. नानांबरोबरचे रविवार तिनं मोजले होते, सव्वीस. त्यातले पाऊस पडलेले कोणते आणि पास रद्द झालेले कोणते, हे ती म्हातारपणीही सांगायची.

तिच्यानंतर आमच्या भावकीतल्या पाच-सहा सुना बेळगावला खोली करून राहिल्या. पुढं त्यांच्यातल्या काही नवऱ्याबरोबर फॅमिली क्वार्टरमध्ये पार पंजाब-आसामपर्यंत गेल्या. निघताना पोर पाया पडायला यायची. नानी तिला ओटी भरून द्यायची, प्रवासाला शेंगदाण्याची चटणी द्यायची आणि विचारायची, "पार्ट टू झालं का गं तुजं?"