चित्र झालं, आता बांधायचं कसं? सिडनी ते बिल्बाओ

हल्ली मोबाइलवर दोन ओळी टाइप केल्या की एआय अख्ख्या इमारतीचं चित्र काढून देतं. दिसतंही झकास. पण ती उभी कशी करायची? हा प्रश्न एआयपेक्षा बराच जुना आहे. त्यासाठी 1957 च्या सिडनीत जाऊ.

ऑपेरा हाऊसची स्पर्धा डेन्मार्कचे यॉर्न उत्झॉन जिंकले, ते शिडांसारख्या छपरांच्या रेखाटनांवर. त्या वळणांना नेमकं गणितच नव्हतं. म्हणजे बघा, चित्र पास, हिशोब बाकी! त्यात सरकारला घाई. छप्पर ठरायच्या आधीच, 1959 मध्ये, चौथऱ्याचं काम सुरू झालं. त्यातले खांब पुढे छपराचं वजन पेलणार नाहीत असं दिसलं आणि ते नव्यानं बांधावे लागले.

ओव्ह अरुप यांच्या फर्मचे इंजिनिअर तेव्हाच्या अवाढव्य कॉम्प्युटरवर आकडेमोड करत होते. बांधकामात कॉम्प्युटर वापरल्याचं हे अगदी सुरुवातीचं उदाहरण. पण तो ताण मोजायचा, आकार सुचवत नव्हता. तोडगा निघाला 1961 च्या सुमारास, साध्या भूमितीतून: सगळी छपरं एकाच गोलाचे तुकडे मानायची. संत्र्याची साल आठवा. गोल एकच, म्हणून वळण एकच, म्हणून तेच साचे पुन्हा वापरता येतात. मात्र मूळ चित्रातली बसकी, मोकळी शिडं गेली आणि ताठ, उंच छपरं आली. खर्च 70 लाख डॉलरवरून 10 कोटी 20 लाखांवर गेला. 1966 मध्ये सरकारशी बिनसलं आणि उत्झॉन काम सोडून निघून गेले. 1973 मध्ये उद्घाटन झालं. पूर्ण झालेली इमारत त्यांनी कधीच प्रत्यक्ष पाहिली नाही!

आता स्पेनमधलं बिल्बाओ. फ्रँक गेहरी हातानं मॉडेल करणारे, स्वतः कॉम्प्युटरच्या वाटेला न जाणारे. पण त्यांच्या ऑफिसनं कॅटिया आणलं. हे सॉफ्टवेअर दासो या फ्रेंच कंपनीनं विमानांसाठी बनवलेलं, बरं का. मॉडेलवरचा एकेक बिंदू टिपून वाकडेतिकडे पृष्ठभाग त्यात उतरवले. मग स्टीलवाल्याला प्रत्येक तुकड्याचं माप थेट मिळू लागलं आणि सगळे तुकडे एकसारखे असायची गरज उरली नाही. 1997 मध्ये गुगेनहाइम म्युझियम उघडलं.

माझ्या मते एआयचं चित्र बिल्बाओच्या जवळचं नाही, ते 1957 च्या रेखाटनांच्या जवळचं आहे. त्यात ना माप असतं, ना वजन. ते काम अजून कुणाला तरी बसून करावं लागतं, आणि क्लायंट तर चित्र बघून पाया खणायची तारीख विचारतोय.