वार्धक्यजन्य स्नायुऱ्हास

वार्धक्यजन्य स्नायुऱ्हास किंवा सार्कोपेनिया हा वाढत्या वयात हाडांना जोडलेल्या स्नायूंचे वस्तुमान, बळ आणि कार्यक्षमता कमी होत जाण्याचा विकार आहे. चालण्याचा वेग मंदावणे, खुर्चीवरून किंवा जमिनीवरून उठताना आधार लागणे, जिना चढताना थकवा येणे व वारंवार तोल जाणे ही त्याची प्रमुख लक्षणे होत. आनुवंशिक दोषामुळे तरुण वयातही उद्भवणाऱ्या स्नायुक्षय रोगांपासून हा विकार भिन्न आहे. त्याच्या उपचारात बलवर्धक व्यायामाला प्रथम स्थान असून पुरेशी प्रथिने हा त्याचा आधार मानला जातो. केवळ प्रथिनांची भुकटी घेतल्याने गेलेले बळ परत येत नाही, असे या विषयावरील प्रमुख अभ्यास सुचवतात. व्यायाम आणि आहार यांची हीच सांगड कोल्हापूरच्या कुस्ती परंपरेत ‘मेहनत’ आणि ‘खुराक’ या शब्दांनी ओळखली जाते.

नाव आणि व्याख्या

‘सार्कोपेनिया’ ही संज्ञा ग्रीक भाषेतील ‘सार्क्स’ (मांस) आणि ‘पेनिया’ (उणीव) या शब्दांवरून घडली आहे. अमेरिकी आहारशास्त्रज्ञ अर्विन रोझेनबर्ग यांनी ती १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुचवली. प्रारंभी स्नायूंचे वस्तुमान घटणे एवढाच तिचा अर्थ होता. युरोपीय तज्ज्ञगटाने २०१० मध्ये व्याख्येत स्नायूंच्या कार्याचा समावेश केला आणि २०१८ च्या सुधारणेत घटलेले बळ हाच निदानाचा पहिला निकष ठरवला. आशियाई तज्ज्ञगटाने २०१४ मध्ये आशियातील लोकांसाठी स्वतंत्र निकष मांडले व २०१९ मध्ये ते सुधारले. अमेरिकेतील रोगवर्गीकरणात २०१६ पासून या विकाराला स्वतंत्र संकेतांक आहे.

कारणे

स्नायूंतील प्रथिनांची घडण आणि विघटन सतत चालू असते. तरुणपणी या दोहोंत समतोल असतो. उतारवयात भोजनानंतर होणारी घडण मंदावते. तेवढ्याच प्रथिनांना स्नायू पूर्वीइतका प्रतिसाद देत नाहीत. त्यामुळे वृद्ध व्यक्तीला एका जेवणात तरुणापेक्षा अधिक प्रथिने लागतात. ल्युसिन हे अमिनो आम्ल स्नायूंच्या घडणीला विशेष चालना देते. दूध, अंडी, मांस व मासे यांत ते भरपूर असते.

याखेरीज स्नायूंना चेतना देणाऱ्या मज्जापेशींची संख्या घटणे, संप्रेरकांच्या पातळीतील बदल, दीर्घकालीन दाह, मधुमेह, कर्करोग आणि ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता हीही कारणे आहेत. हालचालीचा अभाव हे सर्वांत टाळता येण्याजोगे कारण होय. आजारपणात किंवा शस्त्रक्रियेनंतर काही दिवस अंथरुणाला खिळून राहिल्यास वृद्धांच्या पायांचे स्नायू झपाट्याने घटतात आणि ती झीज भरून येण्यास बराच काळ लागतो. बळाची घट वस्तुमानाच्या घटीपेक्षा वेगाने होते. वजन स्थिर असले तरी स्नायूंची जागा चरबी घेऊ शकते, म्हणून केवळ वजनकाट्यावरून हा विकार ओळखता येत नाही.

भारतीयांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट महत्त्वाची ठरते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील नवजात बालकांचा अभ्यास केला. युरोपीय बालकांच्या तुलनेत या बालकांचे वजन व स्नायू कमी, परंतु चरबीचे प्रमाण त्या मानाने टिकून राहिलेले आढळले. अशा व्यक्तींच्या बाबतीत उतारवयातील घट मुळातच कमी असलेल्या साठ्यातून होते.

परिणाम

स्नायुऱ्हासामुळे पडण्याचा आणि हाड मोडण्याचा धोका वाढतो. हाडांची ठिसूळता सोबत असल्यास खुब्याचे हाड मोडण्याची शक्यता अधिक असते. अशा दुखापतीनंतर अनेक वृद्धांना पूर्वीप्रमाणे स्वतंत्रपणे चालता येत नाही. स्नायू हे रक्तातील शर्करा वापरणारे शरीरातील प्रमुख स्थान असल्याने त्यांच्या ऱ्हासाचा मधुमेहाच्या नियंत्रणावरही परिणाम होतो.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात ६० वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे १०.४ कोटी होती. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने २०१७–१८ मध्ये झालेल्या देशव्यापी वार्धक्य सर्वेक्षणाच्या पहिल्या फेरीत ४५ वर्षांवरील सुमारे ७२ हजार व्यक्तींचा समावेश होता. त्यात हाताच्या पकडीचे बळ व चालण्याचा वेगही मोजण्यात आला.

निदान

आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार पुढील चाचण्या केल्या जातात:

- पोटरीचा घेर: पुरुषांत ३४ सें.मी. पेक्षा व स्त्रियांत ३३ सें.मी. पेक्षा कमी असल्यास पुढील तपासणी आवश्यक.
- पकडीचे बळ: पुरुषांत २८ किलोपेक्षा व स्त्रियांत १८ किलोपेक्षा कमी असल्यास ते अपुरे.
- खुर्चीवरून उठणे: हात न टेकता सलग ५ वेळा उठण्या-बसण्यास १२ सेकंद किंवा अधिक वेळ लागल्यास कार्यक्षमता घटलेली.
- चालण्याचा वेग: ६ मीटर अंतर चालताना सेकंदाला १ मीटरपेक्षा कमी असल्यास मंद.

स्नायूंचे वस्तुमान क्ष-किरणांवर आधारित डेक्सा तपासणीने किंवा विद्युत-अवरोध मोजणाऱ्या यंत्राने मोजतात. पोटरीचा घेर आणि खुर्चीची चाचणी यांसाठी केवळ मोजपट्टी व घड्याळ लागत असल्याने त्या गावपातळीवरही करता येतात.

प्रथिनांची गरज

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये प्रौढांसाठी शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली. ६५ वर्षांवरील निरोगी व्यक्तींसाठी १ ते १.२ ग्रॅम आणि आजारी वृद्धांसाठी १.२ ते १.५ ग्रॅम हे प्रमाण आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटांनी २०१३ व २०१४ मध्ये सुचवले. त्यानुसार ६० किलो वजनाच्या निरोगी वृद्धाची गरज दिवसाला ६० ते ७२ ग्रॅम येते. ही प्रथिने एकाच जेवणात घेण्याऐवजी तिन्ही वेळच्या आहारात विभागून घेणे हितावह मानले जाते.

नेहमीच्या पदार्थांतून मिळणारी प्रथिने स्थूलमानाने पुढीलप्रमाणे आहेत:

- म्हशीचे दूध, २५० मि.लि.: ९ ग्रॅम
- अंडे, एक: ६ ग्रॅम
- मटण, १०० ग्रॅम (कच्चे): २० ग्रॅम
- तूरडाळ, ३० ग्रॅम (कोरडी): ६ ते ७ ग्रॅम
- शेंगदाणे, ३० ग्रॅम: ७ ग्रॅम
- ज्वारीचे पीठ, १०० ग्रॅम (साधारण दोन भाकरी): १० ग्रॅम

दात पडणे, भूक मंदावणे, एकट्याने जेवणे आणि चहा-चपातीवर वेळ भागवणे यांमुळे वृद्धांच्या आहारातील प्रथिने घटतात. दही, पनीर, उकडलेले अंडे, पिठले, घट्ट वरण आणि मऊ शिजवलेली उसळ हे पदार्थ कमी दात असलेल्यांनाही खाता येतात.

प्रथिनपूरके

बाजारातील बहुतेक प्रथिनपूरके मठ्ठ्यापासून, म्हणजे चीज किंवा पनीर करताना वेगळ्या होणाऱ्या पाण्यापासून, तसेच सोयाबीन व वाटाणा यांपासून तयार होतात. मठ्ठ्याच्या प्रथिनांची भुकटी लवकर पचते व तिच्यात ल्युसिन भरपूर असते. सुमारे ३० ग्रॅम भुकटीतून साधारणपणे २० ते २५ ग्रॅम प्रथिने मिळतात. जेवण कमी झालेल्या, शस्त्रक्रियेतून सावरणाऱ्या किंवा कुपोषित वृद्धांसाठी ती सोयीची ठरते. आहारातून गरज भागत असल्यास तिचा वेगळा लाभ मर्यादित असतो.

मारिया फियातारोने व सहकाऱ्यांनी बोस्टन येथील वृद्धनिवासातील १०० व्यक्तींवर केलेला अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. सहभागींचे सरासरी वय ८७ वर्षे होते. १० आठवडे बलवर्धक व्यायाम केलेल्यांच्या स्नायूंचे बळ सरासरी ११३ टक्क्यांनी वाढले व त्यांच्या चालण्याचा वेगही सुधारला. केवळ पोषक पेय घेतलेल्यांच्या बळात मात्र वाढ आढळली नाही. एकूण ऊर्जासेवनही व्यायाम आणि पेय या दोन्हींचा लाभ मिळालेल्या गटातच वाढले. हालचाली मर्यादित झालेल्या ६५ वर्षांवरील ९२ पुरुषांच्या २०१८ मधील अभ्यासात दर किलोमागे ०.८ ग्रॅमऐवजी १.३ ग्रॅम प्रथिने सहा महिने देऊनही चरबीविरहित वस्तुमानात अधिक वाढ झाली नाही.

भारतात या उत्पादनांचे नियमन भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरण करते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३६ उत्पादनांच्या तपासणीत सुमारे ७० टक्के उत्पादनांतील प्रथिनांचे प्रमाण वेष्टनावरील माहितीशी जुळले नाही. काहींमध्ये बुरशीजन्य विषे आढळली. त्याच वर्षी राष्ट्रीय पोषण संस्थेने आपल्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांत शरीर कमावण्यासाठी प्रथिनपूरके घेणे टाळण्याचा सल्ला दिला. मूत्रपिंडाचे कार्य बरेच घटलेल्या आणि डायलिसिसवर नसलेल्या रुग्णांना अधिक प्रथिने अपायकारक ठरू शकतात; त्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय प्रथिने वाढवू नयेत.

कोल्हापूरची तालीम परंपरा

राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापूर हे कुस्तीचे केंद्र बनले. १९१२ मध्ये बांधून पूर्ण झालेले खासबाग मैदान, तसेच गंगावेश, मोतीबाग व शाहूपुरी येथील तालमी या परंपरेच्या खुणा आहेत. १९५९ चे पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे आणि १९६० चे हिंदकेसरी गणपतराव आंदळकर यांची कारकीर्द येथेच बहरली. दूध, तूप, बदामाची थंडाई, अंडी आणि मटण हा पैलवानाचा खुराक होय. जोर, बैठका आणि लाल मातीतील लढत ही त्याची मेहनत. शहरातील कट्ट्यांवर समोर पिळलेले धारोष्ण दूध पिण्याची प्रथाही या परंपरेशी निगडित आहे.

या परंपरेतील मेहनत-खुराकाची जोडी आधुनिक संशोधनाशी जुळते. तथापि पैलवानाचा खुराक वृद्धांना जसाच्या तसा लागू पडत नाही. मेहनत थांबल्यावर तूप व बदामातून मिळणारी अतिरिक्त ऊर्जा चरबीच्या रूपाने साठते. कच्च्या दुधातून जंतुसंसर्ग होण्याचा धोका असल्याने वृद्धांनी ते उकळून घेणे योग्य. तांबडा व पांढरा रस्सा पौष्टिक समजला जातो, परंतु प्रथिने मुख्यतः त्यातील मटणात असतात, नुसत्या रश्श्यात नव्हे.

प्रतिबंध व उपचार

या विकारासाठी सर्वमान्य औषध उपलब्ध नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ६५ वर्षांवरील व्यक्तींना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायुबळ वाढवणारे आणि तीन दिवस तोल सांभाळणारे व्यायाम करण्याची शिफारस केली. खुर्चीवरून उठणे-बसणे हे बैठकेचे आणि भिंतीला हात टेकून शरीर पुढे-मागे करणे हे जोराचे सौम्य रूप म्हणता येईल. पाण्याच्या बाटल्या किंवा रबरी पट्टे वापरूनही व्यायाम करता येतो. सवय होईल तसा भार हळूहळू वाढवणे आवश्यक असते. चालणे हृदयाला हितकारक असले तरी केवळ चालण्याने स्नायूंचे बळ पुरेसे वाढत नाही. हृदयरोग, अनियंत्रित रक्तदाब किंवा सांध्यांचे तीव्र दुखणे असल्यास व्यायामापूर्वी डॉक्टर अथवा भौतिकोपचारतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा लागतो. योग्य देखरेखीखाली नव्वदी ओलांडलेल्या व्यक्तींचेही स्नायुबळ वाढल्याचे अभ्यासांतून दिसून आले आहे.